पोपटी डायलची जनता

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वडलांनी टाकलेलं, आता मी बसतो. दिवसभर सेल बदलायचे नि पट्टे कापायचे, मशीन उघडायची वेळ आठवड्यातनं दोन-चारदाच.

दिवाळीआधी राजारामपुरीतला एक कपड्याचा दुकानदार पिशवीत पंचवीस जुनी घड्याळं घेऊन आला. शर्टांच्या शेजारी काचेच्या पेटीत विंटेज म्हणून ठेवायचीत, अमेरिकेत जे. क्रू सारखी कपड्यांची दुकानंही विकतात म्हणाला. कल्पना मला खरंच आवडली, कॉलेजची पोरं चावीचं घड्याळ घालणार म्हणजे चांगलंच की. पण पुढचं वाक्य, "सगळ्यांत नवीन सेल टाका." त्यातली एकोणीस चावीची होती, त्यांना सेल लागतच नाही!

बहुतेक 'जनता', म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीचं चावीचं मॉडेल. मागचं झाकण काढलं की १७ ज्वेलचं, म्हणजे घासू नये म्हणून बारीक खडे बसवलेलं, ते मशीन बघून अजून बरं वाटतं. १९६१ ला बेंगळुरूला जपानच्या सिटिझनबरोबर एचएमटीनं घड्याळाचा कारखाना काढला, २०१६ ला सरकारनं बंद करायचं ठरवलं, पण ही मशीनं धुऊन, चार थेंब तेल देऊन, हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, नीट बसवली की आजही सेकंदाला पाच ठोके पाडत पळतात. डायल मात्र रंगवलेल्या. पोपटी, भगव्या, जांभळ्या. डोळ्याला भिंग लावलं की 'जनता'च्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, मिनिटाच्या रेघा तासाच्या पट्टीसमोर येत नाहीत, थोड्या सरकलेल्या असतात. मी त्याला म्हटलं, डायल रिप्रिंट आहे अशी चिठ्ठी लावा आणि सगळी सर्व्हिसिंग करून घ्या. "गिऱ्हाईक रंग बघतंय ओ, मशीन कोण बघतंय?" फक्त केस पॉलिश आणि नव्या काचा एवढंच काम दिलं. मी केलं. पैसे घेतले.

परवा एक मुलगी वडलांना घेऊन आली. "काका, दोन दिवसांत बंद पडलं, बाबांना रिटायरमेंटला दिलेलं." ४,८०० रुपये पहिल्या पगारातले. पोपटी जनता, मी चमकवलेलीच. रोज चावी द्यायची असते हे दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं, शर्ट विकणाऱ्या पोराला तरी कोण सांगणार. मी चावी दिली, चालू झालं. वडलांनी कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले, माझ्या वडलांचं असंच होतं म्हणाले, मग सहज विचारलं, "ओरिजिनल आहे ना?"

"मशीन एक नंबर आहे," मी म्हणालो. आणि सर्व्हिसिंगला ठेवून घेतलं, पैसे नको म्हटलं.

काल डायल काढली. मागचे दोन्ही पाय, म्हणजे डायल मशीनवर धरणाऱ्या बारीक खुंट्या, तुटलेत, गोंदानं चिकटवलेली. माझ्या डब्यात एक जुनी पांढरी जनताची डायल आहे, पिवळट पडलेली पण खरी, ती बसतेय. पण पोरीनं पोपटी रंग निवडून घेतलाय. शनिवारी दोघं येणार. डायलचं सांगायचं तर ते घड्याळ आधी माझ्याच टेबलावरनं गेलंय आणि मला माहीत होतं, हेही सांगावं लागणार.