गोव्यात आलेली ती जर्मन फ्रिगेट लाल समुद्रातून घरी का गेली नाही

ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीची बाडेन-वुर्टेंबर्ग ही फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका मुरगाव बंदरात लागली होती, सोबत फ्रँकफुर्ट आम माइन हे सप्लाय शिप, आणि तेव्हाचे चान्सलर शोल्झ दिल्लीचा दौरा आटपून गोव्याला येऊन जहाजावर गेले होते. मला मात्र त्यापुढचा भाग जास्त भारी वाटतो. घरी जाताना ही जहाजं लाल समुद्र, सुएझ हा जवळचा रस्ता सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेली. येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या मिसाईल आणि ड्रोनमुळे! कंटेनरवाले वळसा घालतात ते समजतं, पण युद्धनौका?

आता यात जर्मन लोक घाबरट वगैरे काही नाही. जहाजच वेगळ्या काळासाठी बांधलंय. ऑर्डर दिली 2007 साली, तेव्हा नाटोवाल्यांच्या डोक्यात रशिया नव्हताच, डोक्यात होतं दहशतवाद, चाचे, कुठल्यातरी अस्थिर देशाच्या किनाऱ्याजवळ महिनोन्‌महिने गस्त. मग डिझाईनही तसंच, दोन वर्षं घरी न येता बाहेर राहील, क्रू चार-चार महिन्यांनी बदलायचा, कमांडोंसाठी बोटी, हेलिकॉप्टर सगळं आहे. पण लांबूनच मिसाईल पाडायची सोय नाही, एकदम जवळ आल्यावर मारायचं तेवढंच, आणि पाणबुडी शोधायचा सोनार तर नाहीच. जवळपास 7 हजार टनांच्या फ्रिगेटवर! नौदलात दाखल झाली 2019 ला, म्हणजे रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्याला पाच वर्षं होऊन गेल्यावर.

त्याच नौदलाची हेसेन ही जुनी फ्रिगेट हवाई संरक्षणासाठी बांधलेली, ती फेब्रुवारी 2024 मध्ये लाल समुद्रात गेली आणि हूथींचे ड्रोन पाडले पण. फक्त त्याच्या आधी तिने दोन मिसाईल चुकून अमेरिकेच्याच रीपर ड्रोनवर सोडली होती, ती दोन्ही लागली नाहीत म्हणून निभावलं. मित्र देशांच्या इतक्या वर्षांच्या सरावांनंतर वर आकाशात आपलं कोण आणि परकं कोण याचाच पत्ता नाही, कमाल आहे.

पण सगळ्यात महागात पडलं ते ब्रिटनला असं माझं मत. शीतयुद्धात नाटोचं मुख्य काम म्हणजे ग्रीनलँड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातून सोव्हिएत पाणबुड्या अटलांटिकमध्ये उतरतात त्या पकडणं. समुद्राच्या तळाशी मायक्रोफोनसारखी यंत्रं टाकलेली, वरून विमानं घिरट्या घालणार, 1968 पासून वेगवेगळ्या देशांच्या जहाजांचा कायमचा एक ताफा अटलांटिकमध्ये. सोव्हिएत संघ गेला, मग युगोस्लाव्हियाची नाकेबंदी आली, 2001 नंतर भूमध्य समुद्रात संशयित जहाजं तपासणं, 2009 पासून सोमालियासमोर चाचे. पाणबुड्या कोण विचारतोय! 2010 मध्ये ब्रिटनने पैसे वाचवायला पाणबुड्या शोधणारी निमरॉड विमानं काढूनच टाकली, नवीन बांधलेली सुद्धा भंगारात, पाऊस थांबला म्हणून छत्री मोडीत द्यावी तसं. पुढच्या चार-पाच वर्षांत स्कॉटलंडजवळ परकी पाणबुडी असल्याचा संशय आला तेव्हा शोधायला अमेरिका, कॅनडा, फ्रान्सची विमानं बोलवायची वेळ आली. शेवटी 2015 मध्ये अमेरिकेची नऊ पी-8 विमानं त्याच कामासाठी घ्यायचं ठरलं, पहिलं आलं 2020 मध्ये.

एक शहाणपण मात्र ब्रिटनने केलं होतं. विमानं नसतानाही आपली काही माणसं अमेरिका, कॅनडा वगैरे मित्र देशांच्या विमानांवर उडायला पाठवून ठेवली होती, म्हणून पाणबुडी शोधायचा सराव गेला नाही. आघाडीचा खरा उपयोग मला तरी इथे दिसतो, संयुक्त निवेदनं आणि फोटोंपेक्षा. अमेरिकेने पण अटलांटिक सांभाळणारं आपलं दुसरं फ्लीट (सेकंड फ्लीट) 2011 मध्ये बंद करून 2018 मध्ये परत उघडलं, म्हणजे तीच गोष्ट.

आणि आता हे सगळं जुळवतायत तोवर बाल्टिकमध्ये भलतंच सुरू झालं. 25 डिसेंबर 2024 ला फिनलंड-एस्टोनियामधली एस्टलिंक 2 ही वीजकेबल तुटली, संशय ईगल एस या टँकरवर, नांगर तळावरून फरफटत नेला म्हणून. पाणबुडी नाही, मिसाईल नाही, एक म्हातारा टँकर! फिनलंडच्या लोकांनी जहाज ताब्यात घेतलं, नांगर पण सापडला, आणि जानेवारी 2025 मध्ये नाटोने बाल्टिक सेंट्री नावाची गस्त सुरू केली, फ्रिगेट, विमानं, समुद्री ड्रोन सगळं लावून. पण ऑक्टोबर 2025 मध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने सांगितलं की घटना फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर घडली, त्यामुळे हा खटला चालवायचा अधिकारच आम्हाला नाही. अशा वेळी अधिकार जातो जहाजावर ज्याचा झेंडा त्या देशाकडे, आणि इथे झेंडा होता कुक आयलंड्सचा, तिकडे पार पॅसिफिकमध्ये. गस्तीच्या जहाजांना नवीन सोनार लावता येईल, पण ही पळवाट बुजवायची तर समुद्राचे कायदेच उघडून बसावं लागणार, आणि त्याला नव्या फ्रिगेटपेक्षाही जास्त वर्षं लागतील असं दिसतंय.