आधी नामपान उलटा

'विशेष आवृत्ती' म्हटले की हल्ली रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरे आणि खोक्यात बसवलेले खंड डोळ्यांपुढे येतात. दिवाणखान्यात ते शोभतात, तक्रार नाही. पण आवडत्या लेखकाचा संग्रह करायचा तर ते पुस्तक वाचकाच्या हाती पहिल्यांदा ज्या रूपात पडले, ते रूप मिळवावे : तोच कागद, तेच वेष्टण, त्याच मुद्रणचुका. मराठवाड्यात अशा प्रती अजून निघतात. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानांत निघतात, वाडा विकताना माळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकेत निघतात. लातूर-नांदेडच्या रद्दीत मात्र वर नीट-जेईईच्या गाइडांचा थर असतो, तो आधी उपसावा लागतो.

प्रत हातात आली की मुखपृष्ठाला भुलू नका, नामपान, म्हणजे पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव छापलेले आतले पान, उलटा. मागच्या बाजूला आवृत्त्यांची यादी असते आणि फसगत तिथेच होते. 'पहिली आवृत्ती १९५५' ही ओळ नवव्या आवृत्तीतही सर्वांत वर छापलेली असते. प्रतीचे खरे साल यादीतल्या शेवटच्या ओळीत असते. दुसरी गफलत प्रकाशक बदलला की होते. नवा प्रकाशक आपल्याकडून निघालेल्या पहिल्या छपाईला बिनदिक्कत 'पहिली आवृत्ती' म्हणतो. 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. त्यामुळे पॉप्युलरची प्रत कितीही जुनी दिसली तरी ती पहिली नव्हे. मुखपृष्ठही पुरावा नाही. 'मृत्युंजय'वरचे दीनानाथ दलालांचे चित्र १९६७च्या पहिल्या आवृत्तीवर होते, तसेच दलाल गेल्यानंतरच्या आवृत्त्यांवरही आहे.

नामपान फाटलेले असेल तर किंमत आणि पत्ता वाचायचे. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचे. 'न. पै.' म्हणजे नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४ या मधल्या वर्षांतले. प्रकाशकाचा पत्ता 'पुणे ३०' किंवा 'मुंबई ४' असा असेल तर पिनकोड यायच्या, म्हणजे ऑगस्ट १९७२च्या, आधीची छपाई असू शकते, पण तेवढ्यावर खात्री धरू नये. 'पुणे ४११ ०३०' असेल तर नक्की नंतरची. तेरा आकडी आयएसबीएन दिसला की २००७ किंवा त्याच्या अलीकडचे. 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार पाहून पुष्कळ जण हरखतात. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले हे खरे, पण जुन्या पानांचे फोटो काढून केलेल्या ऑफसेट पुनर्मुद्रणात ते जसेच्या तसे उतरतात. अक्षरांवरून हलके बोट फिरवा. खिळे जुळवून छापलेल्या पानाला पाठीमागून किंचित उठाव लागतो. ऑफसेटचे पान सपाट.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे, ती पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला ठाऊक नसते. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात येण्याच्या, आधीच्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या शिक्क्यात फसली साल, म्हणजे निजामी कारभारातले साल, सापडते. '१३५७' वाचून गोंधळू नका. हैदराबाद संस्थानात फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदले. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. किमतीपुढे 'हाली' लिहिलेले असेल तर तो निजामी रुपया. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये. शके लिहिले असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. असे शिक्के खोडरबराने घालवू नका. आपल्याकडची पुस्तके कुठून कुठे फिरली ते त्यांच्यावरूनच कळते.

लेखक कुठला निवडावा? एकच निवडावा, आणि त्याचे जे जे छापले ते सगळे जमवावे. नरहर कुरुंदकर धरले तर त्यांची स्वतःची पुस्तके पुरत नाहीत. त्यांच्या प्रस्तावना दुसऱ्यांच्या पुस्तकांत आहेत. म्हणून कुरुंदकरांच्या कपाटात रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' लागतेच, आणि घेताना प्रस्तावनेची पाने जागेवर आहेत ना हे मोजून पाहावे. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७च्या. कवितेचे पुस्तक बारीक असते, कपाटात दोन जाडजूड कादंबऱ्यांमध्ये दबून राहते, म्हणून आडवे हात घालून शोधावे. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांचे लेखन आता कोणालाही छापता येते. नव्या प्रती वाचायला घ्या, संग्रहाला त्यांच्या हयातीतल्या शोधा.

वाचनालयातून निघालेली प्रत स्वस्त मिळते, पण तिची बांधणी बहुधा बदललेली असते. बाइंडर मुखपृष्ठ फेकून पुठ्ठा घालतो आणि तिन्ही बाजू कापतो. पट्टी लावून बघा : डेमी पुस्तक साधारण साडेआठ बाय साडेपाच इंच, क्राऊन सव्वासात बाय पावणेपाच. उंची अर्धा इंच कमी भरली तर कात्री लागली आहे. दर सोळा पानांनी खालच्या कोपऱ्यात फॉर्मचा बारीक आकडा असतो. ते आकडे क्रमाने लागले तर एकही जुज, म्हणजे सोळा पानांची शिवलेली घडी, गळलेले नाही. आणि 'निर्लेखित' किंवा 'रद्द' असा शिक्का नसलेले वाचनालयाचे पुस्तक घेऊ नये, ते कुणीतरी उचलून आणलेले असू शकते.

सांभाळणे हाच इथला खरा त्रास. उन्हाळ्यात पारा ४२-४३ला जातो, खोलीतली हवा कोरडी होते आणि चिकटवलेल्या पाठीचा गोंद ठिसूळ होऊन पुस्तक मधोमध उकलते. जुजांनी शिवलेली पुस्तके टिकतात. मग आपण खोलीत कूलर लावतो आणि उरलीसुरली वाट लागते : दुपारी दमट, रात्री कोरडे, पुठ्ठे होडीसारखे वळतात. पुस्तकांच्या खोलीत कूलर नको. काळ्या मातीतल्या घरात कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि जमिनीपासून सहा इंच वर ठेवावे, म्हणजे वाळवीची मातीची नळी लगेच नजरेला पडते.

कसर लागलेली प्रत दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा दाबून काढून बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव कागदावर उतरते. कडुनिंबाची पाने पानांमध्ये खोचू नयेत, तपकिरी डाग कायमचे राहतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच नको. तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत मुरतो. गव्हाच्या स्टार्चची खळ करा : एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटे ढवळत, थंड झाल्यावर गाळून. बाइंडर त्यात मोरचूद घालतात. किडा लागत नाही हे खरे, पण मोरचुदातल्या तांब्याने कागद लवकर तपकिरी आणि ठिसूळ होतो. खळ रोज ताजी करा, दोन दिवसांत आंबते. वर पातळ जपानी टिश्यूची पट्टी बसवा आणि दोन टीपकागदांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा. वेष्टणाला बाजारातले मऊ पीव्हीसीचे कव्हर घालू नका, ते शाई ओढून घेते. पॉलिएस्टर फिल्म आणून वेष्टणाच्या मापाने कापावी, घडी घालावी, डिंक कुठेही लावू नये.