बॉयलरच्या फीड टाकीचं पाणी ९० अंशांवर का हवं

वडोदऱ्याचं नंदेसरी असो की मकरपुरा, जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या बॉयलरची नळी गळायला लागली की ‘सॉफ्टनर तर चालू होता!’ हे हमखास ऐकू येतं. पण सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो. विरघळलेल्या ऑक्सिजनला तो हातही लावत नाही.

गळकी नळी उभी कापून बघा. आत तांबूस-तपकिरी फोड दिसतील. स्क्रू-ड्रायव्हरने एक फोड खरवडला की खाली काळी भुकटी, ती पुसली की खोलगट खड्डा. शेजारचं पोलाद मात्र जवळपास शाबूत. फोडाखाली ऑक्सिजन पोचत नाही, बाहेर तो भरपूर असतो. या फरकामुळे फोडाखालचं लोखंड विरघळत राहतं, नळी एकाच जागी आरपार जाते. त्यामुळे सरासरी झिजेच्या आकड्यावर इथे अजिबात विसंबू नये.

उघड्या टाकीत गंजण्याचा वेग साधारण ८० अंशांपर्यंत वाढतो आणि पुढे ऑक्सिजन उडून गेल्याने उतरतो. बंद बॉयलरमध्ये ऑक्सिजनला पळायला वाट नसते, म्हणून तिथे तापमानाबरोबर गंजही वाढतच जातो. तेव्हा ऑक्सिजनला बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीतच गाठायचं: पाणी गरम ठेवून, आणि उरलेल्यासाठी ऑक्सिजन शोषणारं सोडियम सल्फाइट टाकून.

हिशेब करू. ६० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ९० अंशांना १.६. तासाला १ टन पाणी आणि २० तास बॉयलर धरला, तर ६० अंशांना ९४ ग्रॅम ऑक्सिजन आत जातो. १ ग्रॅम ऑक्सिजनला ७.९ ग्रॅम शुद्ध सोडियम सल्फाइट लागतं, म्हणजे रोज पाऊण किलो. ९० अंशांना पाव किलोत भागतं. बॉयलरच्या पाण्यात ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सल्फाइट शिल्लक राखायचं, ते वेगळं.

सल्फाइट फीड टाकीत, पाण्याच्या पातळीखाली सोडा. थेट बॉयलरमध्ये टाकलं तर फीड लाइन आणि इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर फीडचं पाणी तापवणारा भाग) ऑक्सिजनसमोर उघडेच राहतात. कंडेन्सेटचा (वाफ थंड होऊन परत आलेल्या पाण्याचा) पाइपही पाण्यात बुडालेला हवा, वरून धार पडली की ती हवा ओढून नेते. गरम पाण्याने पंप खडखडू लागला की ऑपरेटर थंड पाणी सोडतात. ते करू नका, पंपावर पाण्याचा दाब राहावा म्हणून टाकी उंचावर घ्या. आणि तपासणीचा नमुना कूलरमधून थंड करूनच घ्या, नाहीतर हवेतच सल्फाइट खर्च होऊन रीडिंग कमी येतं.