चार भोकं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तराफ्याच्या भाड्याचा आकडा दिसला की दर वेळी कोणीतरी विचारतंच म्हणून: तळ्यातला गाळ एकच, मग कोअर, म्हणजे जुना काळ वाचायला नळीनं काढलेला गाळाचा उभा नमुना, एकच का नाही? शेजारी शेजारी चार भोकं कशाला?

गाळ एकच, कबूल. घोटाळा सांध्यांत होतो, म्हणजे एक तुकडा संपून पुढचा सुरू होतो तिथे. पिस्टन कोअरर, म्हणजे आत दट्ट्या असलेली गाळात दाबायची नळी, एका खेपेला एक-दोन मीटर गाळ आणतो, मग त्याच भोकात पुन्हा खाली. वर खेचताना नळीच्या तोंडचा गाळ निसटतो. भोकाची भिंत ढासळून पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर वरचाच गाळ येऊन बसतो. दाब सुटला की वायूमुळे गाळ फुगतो आणि कमी असलेला भरलेला दिसतो. नळीकडे बघून यातलं काही कळत नाही.

‘हात सफाईदार असला की एक भोक पुरे,’ असं मीही ठासून म्हणायचो. त्यावर उत्तर जपानातल्या सुइगेत्सु तळ्यानं दिलं. तिथे दर वर्षी फिक्या-गडद थरांची एक जोडी साचते, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. 1993 साली एकाच भोकातून सुमारे 75 मीटर कोअर काढला. थर मोजले, गाळातल्या अडीचशेवर पानं-काटक्यांची कार्बन-14 वयं (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून) काढली, 1998 साली निकाल छापला. काम कसून केलेलं होतं. तरी जुन्या काळाकडे जावं तशी थर मोजून आलेली वयं इतर नोंदींशी जुळेनात, कमी भरू लागली. एक मोठं कारण पुढे सापडलं: तुकड्यांच्या मधला गाळ आलेलाच नव्हता. त्या तळ्यात दहा सेंटिमीटर गेले म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली, आणि प्रत्येक सांध्याची तूट पुढच्या सगळ्या वयांत जमा होत जाते. जे हातीच आलं नाही, ते मोजणार कसं? 2006 साली पुन्हा चार भोकं पाडली, तुकडे एकमेकांवर चढवले, 73 मीटरचा सलग कोअर जुळवला. सुधारलेली वयं 2012 साली आली.

लोणारला थर असे मोजता येत नाहीत, पण हिशोब तोच. तिथे सुमारे दहा मीटर गाळात साधारण 11,000 वर्षं आहेत. गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक दिसले की पाणी आटून खारावल्याचा, म्हणजे लांबलेल्या अवर्षणाचा काळ समजायचा. ते जिथून सुरू होतात तिथेच सांधा आला, तर अवर्षण कधी लागलं हे काय सांगणार?

म्हणून दुसरं भोक एक-दोन मीटर बाजूला, आणि मीटरभराचे तुकडे असतील तर अर्धा मीटर खालून सुरू. पहिल्याचा सांधा दुसऱ्याच्या तुकड्याच्या मधोमध येतो. जुळवणी दोरीच्या मापावर करायची नाही. राखेचा किंवा पुराचा ओळखू येणारा थर आणि गाळ किती चुंबकीय आहे त्याचा आलेख धरायचा. सर्वात वरचा पातळ गाळ पिस्टननं घुसळतो, तो स्वतःच्या वजनानं रुतणाऱ्या ग्रॅव्हिटी कोअररनं वेगळा घ्यायचा.

तिसरं भोक लागतं, कारण लाटेनं तराफा हलतो आणि दोघांचे सांधे कधी समोरासमोर येतात. चौथ्याबद्दल मी भांडतो खरा, पण ते मुख्यतः वयासाठी जास्त पानं मिळावीत म्हणून असतं. आणि पुरानं तळ खरवडून नेला असेल, तर तेवढी वर्षं चारही भोकांत नसतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाचे दिवस कापू देणार नाही. चौथ्याचं बोलू.