माहेरचा संघ

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. एरवी हा प्रश्न कोणी काढला की मी दोन वाक्यांत वेळ मारून नेते. रविवारी सकाळचं आवरून डोंबिवलीहून निघायचं, करी रोडला उतरायचं, मेगाब्लॉकमुळे गाडी तिथे थांबणार नसेल तर दादरहून बस धरायची, आणि बघायचं काय, तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत गारद होणारा कबड्डीचा संघ. माझी जाऊ विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आणि परवा लग्नात भेटलात तेव्हा तुम्हीही विचारलंत, "कमिटीवर एवढा राग आहे तर जाता कशाला? द्या की सोडून."

मंडळाचं नाव लिहीत नाही. माझं भांडण कमिटीशी आहे, आणि नाव खराब झालं तर ते त्या नावाची जर्सी घालणाऱ्या मुलांचं होतं. लालबाग-परळच्या पट्ट्यातलं एक जुनं मंडळ, एवढं पुरे. माझं माहेर तिथलं. भाऊ अजून त्याच चाळीत राहतो.

माझे वडील गिरणीत विणाई खात्यात होते. पहिली पाळी करून आले की कपभर चहा घेऊन थेट मैदानावर. माती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, पाय रुतणार नाही आणि सालटंही निघणार नाही इतकी ती बसवायची, मग सुतळी ताणून चुन्याच्या रेषा मारायच्या. सुतळीचं दुसरं टोक धरायला मी. ते टोक जरा जरी हललं तरी ओरडा खायचे, कारण रेषा बोटभर वाकडी गेली तर सामन्यात त्यावरून भांडण होणार हे त्यांना माहीत होतं. मला शाळेतल्या भूमितीआधी मध्यरेषा आणि निदानरेषा (चढाई करणाऱ्याने निदान ओलांडायचीच ती रेषा) कळली ती अशी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यात आमची जवळजवळ सगळी चाळ. संघातली तीन मुलं आईवडिलांबरोबर कोकणात गावी गेली ती परतलीच नाहीत. कमिटीत अकरा माणसं, बहुतेक सगळी संपावरची. घरात भात शिजेल की नाही याची खात्री नव्हती, पण संध्याकाळी त्यातली निम्मी तरी मैदानाच्या कडेला उकिडवी बसलेली असत. घरटी रुपया, आठ आणे, जमेल तसं गोळा करून सरावानंतर मुलांना गूळ-शेंगदाणे देत. कोणाचा गुडघा सुजला, कोण दोन दिवस आला नाही, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना विचारावं लागत नसे. तो संघ त्या वर्षी दोन स्पर्धांच्या उपांत्य फेरीत गेला. मी शाळेच्या चौकटीच्या वहीत गुण लिहायला लागले ते त्याच वर्षापासून.

हे सगळं मुद्दाम सांगतेय. आमचा संघ घसरला त्याची कारणं विचारली की लोक लगेच म्हणतात, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, टॉवर आले, मुलं मोबाइलमध्ये. गिरण्या गेल्या हे खरंच. पण गिरण्या बंद पडल्यानंतरच्या वीस वर्षांत आमच्याकडून खेळलेल्या चार मुलांना खेळाच्या जोरावर नोकरी लागली, दोघे रेल्वेत, एक पोलिसात, एक बँकेत. आणि मुंबईच्या मुलांत आता दम राहिला नाही असं कोणी म्हटलं की मी त्यांना जानेवारी २०१८ ची आठवण करून देते. हैदराबादला महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं, आणि कर्णधार होता मुंबईचाच रिशांक देवाडिगा. मुलं होती आणि आहेत.

आमचा संघ कधीपासून घसरला ते मला वर्षासकट सांगता येतं, कारण त्याच्या आधीचं वर्ष फार सुंदर होतं. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. मी आणि भाऊ आमच्या चौदा मुलांना घेऊन गेलो होतो. आपला खेळ असा दिव्यांच्या झगमगाटात, रंगीत मॅटवर, प्रत्येक चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लावून चाललेला मुलांनी पहिल्यांदा पाहिला. परतताना बसमध्ये कोणी बसायलाच तयार नव्हतं. रात्री साडेअकराला चाळीच्या चौकात प्रत्येक चढाई त्यांनी पुन्हा करून दाखवली. पुढच्या आठवड्यात मैदानावर किशोर गटाची चाळीस मुलं उभी होती. मी मोजली होती, वहीत आकडा आहे.

त्या चाळीस मुलांचं मंडळाने काय केलं, ते विचारा.

आमचे प्रशिक्षक रेल्वेतून निवृत्त झालेले जुने खेळाडू. मानधन घेत नव्हते. त्यांनी कमिटीकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, आठवड्यातून दोन दिवस कुठल्यातरी हॉलमध्ये मॅटवर सराव. दोन, मुलांना बूट. सगळ्या चांगल्या स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या होत्या आणि आमची मुलं मातीवर अनवाणी तयार होत होती. मातीत पाय थोडा सरकतो, अंगाबरोबर वळतो. मॅटवर बूट जागेवर घट्ट धरतो आणि वरचं अंग वळतं, त्यामुळे सवय नसेल तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. हे त्यांनी कमिटीला स्वतः उभं राहून करून दाखवलं. उत्तर आलं, "बघू." तीनदा मागितलं, तीनदा "बघू". चौथ्यांदा त्यांनी मागितलं नाही. पुढच्या हंगामात ते दुसऱ्या मंडळाकडे दिसले, आणि आमची तीन चांगली मुलं त्यांच्या पाठोपाठ गेली. मला त्या मुलांचा राग येत नाही. माझा मुलगा असता तर मीही त्याला जा म्हटलं असतं.

पैसे नव्हते असं म्हणाल, तर त्याच वर्षी मंडळाने स्वतःची स्पर्धा भरवली. मोठे दिवे, गॅलरी, भाड्याने आणलेलं मॅट, रोख बक्षिसं, आणि नाक्यापासून मैदानापर्यंत बॅनर. बॅनरवर कमिटीचे आणि पाहुण्यांचे चेहरे, खालच्या कोपऱ्यात चढाई करणाऱ्या माणसाचं चित्र, तेही कुठल्यातरी दुसऱ्याच संघातल्या खेळाडूचं. अंतिम सामन्याचं मध्यंतर पाच मिनिटांचं असतं. त्या पाच मिनिटांत सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, मनोगत, पुन्हा शाल. पंचवीस मिनिटं दोन्ही संघ मैदानाच्या कडेला उभे. घामाने भिजलेली अंगं डिसेंबरच्या वाऱ्यात गार पडत होती. एक जण पोटऱ्या चोळत होता, पंच घड्याळाकडे बघत होते. दुसरा डाव सुरू झाला आणि तिसऱ्याच चढाईला एका मुलाच्या पोटरीत गोळा आला, तो बाहेर गेला तो गेलाच. मी गुणलेखकाच्या टेबलावर होते, व्यासपीठापासून दहा पावलांवर. त्या पंचवीस मिनिटांत उठून बोलले नाही, याची खंत अजून जात नाही.

बुटांचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं. दोन-तीन वर्षांनी उपनगरातल्या एका स्पर्धेत आमचा डावा कोपरा सांभाळणारा मुलगा थोरल्या भावाचे बूट घालून उतरला. एक नंबर मोठे. टाचेशी फडक्याची घडी कोंबलेली. समोरचा चढाईपटू जादा गुणासाठी बोनस रेषेपलीकडे पाय टाकायला पुढे झाला, आमच्या पोराने अगदी वेळेवर चवड्याला हात घातला, पकड बसलीसुद्धा, आणि जोर लावायला पाय रोवला तर बुटात पायच फिरला. फडकं मागून बाहेर आलं. चढाईपटू त्याच्या हातातून सुटून मध्यरेषा ओलांडून गेला. पोरगा उठला, ते फडकं उचलून मुठीत लपवलं आणि मैदानाबाहेर बाद खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसला. हरल्याचं त्याला तितकं वाटत नव्हतं, फडकं कोणाला दिसलं का, ते तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवर शोधत होता.

कमिटीतली माणसं वाईट नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर ते खोटं होईल. करोनात याच माणसांनी चाळीत धान्य वाटलं, रुग्णवाहिका मिळवून दिल्या, माझ्या भावाला रात्री दोन वाजता खाट मिळाली ती त्यांच्यामुळे. रक्तदान शिबिरं, वह्यावाटप, गणपती, सगळं ते मनापासून करतात. पण कबड्डीच्या सरावाला त्यांच्यातला एकही जण येत नाही. मैदानावर लग्नाचे मंडप पडतात, गाड्या लागतात, आणि सरावाचे दिवस त्या हिशेबाने मागे-पुढे होतात. सहा महिन्यांत एकदाही मैदानाच्या कडेला न बसलेल्या माणसाला फडक्याची घडी दिसणार कशी? सत्काराने पोटरी आखडते हे त्याला कळणार कुठून? वडिलांच्या वेळच्या कमिटीकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, पण ती रोज संध्याकाळी तिथे बसलेली असायची. माझी सगळी तक्रार एवढ्या एका गोष्टीवर येऊन थांबते.

आणि जे झालं त्यावर कडी म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. जिल्ह्यातली एक चांगली स्पर्धा होती. मुलं महिनाभर तयारी करत होती, कुमार गटातल्या दोघांनी वजनात बसण्यासाठी आदल्या रात्री जेवण सोडलं होतं. सकाळी आठला बॅगा घेऊन फाटकाशी पोचलो, तर यादीत आपलं नावच नाही. प्रवेशअर्ज भरायचा राहिला होता. सचिवांना फोन लावला तर ते म्हणाले, "अरे हो, कामाच्या गडबडीत विसरलो." आयोजकांचाही दोष नव्हता, त्यांनी मुदत आधीच जाहीर केली होती. फाटकाच्या आत दुसऱ्या संघांची नावं पुकारली जात होती. उपाशी राहिलेली दोन पोरं समोरच्या गाडीवर वडापाव खात उभी राहिली, कोणाशी बोलेनात. त्यातला एक त्यानंतर खेळायला आला नाही.

मग मी वार्षिक सभेला गेले. वडिलांनंतर सभासदत्व मी चालू ठेवलं आहे, वर्गणीच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या आहेत. मी उभी राहिले आणि विचारलं, गेल्या वर्षी मंडळाने एकूण खर्चातला किती खर्च कबड्डीच्या सरावावर केला, एवढं वाचून दाखवा. जमाखर्चात सरावाचं शीर्षकच नव्हतं. स्पर्धा होती, सत्कार होता, मंडप होता. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही आता इथे राहत नाही."

खरं सांगते, ते वाक्य लागलं. तेहतीस वर्षं झाली लग्नाला, पण ती सुतळी धरलेली जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. तिथेच डोळ्यांत पाणी आलं आणि तसंच उत्तर दिलं. म्हटलं, इथे राहणारं कोणी रोज मैदानावर येत असेल तर मी आज, आत्ता, ही वही त्याच्या हातात देते. कोणी उठलं नाही. सभा पुढच्या विषयावर गेली.

तर आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सोडून द्यायला तो काही माझा छंद नाही. मी गेले नाही तर गुण लिहायला कोणी नसतं, आणि गुण लिहिलेले नसले की पोराला स्वतःच्या पकडी दाखवता येत नाहीत, ना निवड चाचणीत, ना उद्या नोकरीसाठी. सभेनंतर मी आणखी एक काम अंगावर घेतलंय. प्रवेशअर्ज मीच आणते, मुलांचे जन्मदाखले आणि फोटो मीच गोळा करते, सचिवांच्या घरी जाऊन सही घेते आणि मुदतीच्या आधी नेऊन देते. ते सही करतात, चहाही पाजतात. सरावाला या म्हटलं की "नक्की, नक्की" म्हणतात. बुटांसाठी भावाने आणि मी चाळीत वर्गणी काढली, सात जोड आले, पाच अजून यायचे आहेत. कमिटीला पत्र दिलंय, पोच घेतलीय, पुढच्या सभेत सरावाच्या खर्चाचा विषय मी पुन्हा मांडणार आहे.

गेल्या महिन्यात किशोर गटाचा सामना होता. हरलो, नऊ गुणांनी. पण आमची तीनच मुलं आत उरलेली असताना एका बारक्या पोराने त्यांच्या सर्वांत दांडग्या चढाईपटूचा चवडा काढला. आत तिघेच असल्याने ही अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण. सामना संपल्यावर तो घाम पुसत माझ्याकडे आला.

"काकी, माझ्या नावावर किती?"

मी वही फिरवली. त्याने स्वतःच्या नावावर बोट ठेवून आकडे मोजले. मग विचारलं, "पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरला ना?"

मी पर्समधून पावती काढून त्याला दिली. त्याने तारीख वाचली, शिक्का बघितला, आणि बाकीच्यांना दाखवायला ती घेऊन पळाला.