बेसबॉलचे अवघड प्रश्न काढताना

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलचा कुठलाही प्रश्न टाका, उत्तर लगेच येतं. बेसबॉलवर मात्र भलेभले क्विझवाले अडतात, आणि बहुतेक वेळा चूक प्रश्न काढणाऱ्याची असते.

‘सर्वाधिक होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव) कुणाचे?’ हा प्रश्न अर्धवट आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बॅरी बाँड्स, ७६२. जपानी लीगमध्ये सादाहारू ओ, ८६८. लीगचं नाव घातलंच पाहिजे.

कारकिर्दीतली सर्वोच्च बॅटिंग सरासरी? जुन्या पुस्तकांत टाय कॉब सापडेल. पण २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे अधिकृत नोंदींत घेतले आणि ०.३७२ सरासरीचा जॉश गिब्सन वर गेला. हा न्याय फार उशिरा झाला, म्हणून हा प्रश्न आम्ही आवर्जून ठेवतो.

आमचा सगळ्यात आवडता: एका डावात, म्हणजे तीन आउटमध्ये, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) चार स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, झाले की मिळणारा बळी) कसे मिळतात? तिसरा स्ट्राइक कॅचरने (बॅटरमागच्या खेळाडूने) पकडला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. तो पोचला तर स्ट्राइकआउट नोंदला जातो, आउट नाही. उत्तरात दोन्ही अटी आल्या तरच पूर्ण गुण द्यावेत.