बुडबुडे शिरेत, धोका धमनीत

समुद्रात ३० मीटर खोलीवर पाणबुड्याभोवतीचा दाब पृष्ठभागाच्या चौपट. तिथे श्वासातून रक्तात आणि चरबीत मुरलेला नायट्रोजन, घाईने वर आलं की बुडबुडे धरतो, तेही बहुतेक शिरांमध्ये. फुप्फुसांच्या केशवाहिन्या ते अडवतात. म्हणून डॉपलरवर (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्रावर) बुडबुडे ऐकू आले तरी माणूस ठणठणीत असू शकतो. पण साधारण चारातल्या एका प्रौढाच्या हृदयात दोन कर्णिकांमधलं (वरच्या कप्प्यांमधलं) जन्मापासूनचं छिद्र पुरतं मिटलेलं नसतं. तिथून बुडबुडा धमनीत, मग थेट मेंदूतही. शिवाय त्याला प्लेटलेट चिकटतात, रक्तवाहिनीचं अस्तर दुखावतं, म्हणून बुडबुडा विरला तरी त्रास उरतो.

डुबकीनंतर या बुडबुड्यांमुळे (डीकम्प्रेशन सिकनेस) सांधे दुखले, मुंग्या आल्या तर आडवं झोपवा, १०० टक्के ऑक्सिजन द्या, रीकॉम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) गाठा. पुन्हा पाण्यात उतरवण्याचा आगाऊपणा नकोच.